श्रीयुत ‘दोन तास आधी’ यांस

नाशिक

श्रीयुत ‘दोन तास आधी’ यांस,
मुक्काम पोस्ट प्रत्येक विमानतळ,


‘प्रवाशांनी उड्डाणाच्या किमान दोन तास आधी विमानतळावर उपस्थित राहावे’ हे तुमचं पूर्ण नाव. तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत इतकी वर्षं भेट होते आहे, तेव्हा नुसत्या नावाने हाक मारली तर राग नसावा. परदेशी जाताना तुमचे थोरले बंधू ‘तीन तास आधी’ हजर असतात. पत्र त्यांनाही वाचायला द्यावं, म्हणजे वेगळं पाकीट नको.

कारण थोडक्यात सांगतो. जेट विमान आलं तेव्हा माणसाच्या हाती बराच वेळ लागला होता. तो आता जागेवर नाही. घरात कुणी घेतला नाही, आम्ही विचारलं. संशय तुमच्यावर आहे.

आधी नाशिकच्या घरांत तुमची कशी सरबराई होते ते ऐका. समजा मुंबईहून सकाळी सहा दहाचं विमान आहे. तुमच्या हुकमाप्रमाणे चार दहाला टर्मिनलच्या दारात उभं राहायचं. म्हणजे नाशिकहून बाराला निघालं तरी पुरे. पण एवढ्यावर भागलं तर तो नाशिककर कसला? काका चष्मा पुसत विचारतात, “कसाऱ्यात ट्रेलर आडवा झाला तर?” झाले अकरा. शेजारच्यांच्या जावयाचं विमान भिवंडीच्या कोंडीत सुटलेलं असतं, ती हकिगत ऐकून होतात साडेदहा. ड्रायव्हर म्हणतो, “रात्रीचं आहे, मधे चहाला थांबावं लागेल, डोळा लागतो.” मग दहा. दहाला निघायचं तर आठला जेवण, आठला जेवण तर सातला बॅगा दारात. पहाटेच्या विमानाचा प्रवास असा आदल्या संध्याकाळी, वरणाला फोडणी पडायच्या आधीच सुरू होतो. बहुतेक वेळा कसाऱ्यात काहीही आडवं होत नाही. प्रवासी अडीच वाजता विमानतळावर पोचतो आणि तुम्ही यायच्या आधीच तुमची वाट बघत बसतो.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. बोगद्यांतून गाडी सुसाट जाते, कसारा घाट बाजूला राहतो. रस्त्यातला बराच वेळ वाचला, वर्तमानपत्रांत फोटोही आले. वाचलेला वेळ कुणाला मिळाला ते मात्र कुणी छापलं नाही, म्हणून मी कळवतो: तो तुमच्या खात्यात जमा झाला. घरून निघायची वेळ अजूनही दहाच आहे, कारण काकांचा समृद्धीवर विश्वास आहे पण आमण्याच्या पुढच्या रस्त्यावर नाही. (या बाबतीत काका बरोबर आहेत.)

आता तुमचं खातं जरा मागून तपासू. एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान, ‘मलबार प्रिन्सेस’, ८ जून १९४८ च्या रात्री मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला पोचलं. पंखेवाल्या विमानांचा तो काळ. १९६० च्या फेब्रुवारीत एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७०७ आलं; त्या ताफ्यातल्या एकाचं नाव ‘नंदादेवी’. रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिनं, ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास वेग. पंख्याच्या विमानांच्या मानाने वेळ जवळजवळ अर्ध्यावर आला. त्याच वर्षी मे महिन्यात हे जेट लंडनच्या पुढे न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागलं. १९६२ पर्यंत एअर इंडियाने सगळी जुनी विमानं काढून टाकली होती. ताफ्यात निव्वळ जेट विमानं असलेली ती जगातली पहिली कंपनी मानली जाते. देशांतर्गत इंडियन एअरलाइन्सने १९६४ मध्ये फ्रेंच बनावटीचं कॅराव्हेल आणलं.

आणि त्यानंतर? तुम्हाला माहीत आहेच, पण वाचकांसाठी लिहितो. त्यानंतर आकाशातला वेग वाढलाच नाही. आज मुंबई-दिल्ली उडणारं एअरबस ए-३२० ताशी साधारण ८३० किलोमीटरने जातं, म्हणजे ‘नंदादेवी’पेक्षा अंमळ सावकाशच. लंडनला जाणारं ड्रीमलायनरही तिला फारसं मागे टाकत नाही. मधे १९७६ ते २००३ कॉन्कॉर्ड नावाचं एक श्रीमंती प्रकरण होऊन गेलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर सगळ्यांना उमगलं की जोरात उडण्यापेक्षा कमी इंधनात उडणं महत्त्वाचं. मग इंजिनांचे पंखे मोठे झाले, विमानं शांत झाली, काटकसरी झाली आणि कितीतरी पटींनी सुरक्षित झाली. हे सगळं उत्तम झालं. विमानाचं धडही तेच राहिलं: बोइंग ७०७ आणि आजचं ७३७ दोन्हींची रुंदी एकच, दोन्हींत एका ओळीत सहा माणसं. पुढची ओळ मागच्या ओळीच्या गुडघ्यांवर येऊन बसली आहे खरी, पण तो आरोपी वेगळा. त्याला सवडीने लिहीन.

सांगायचा मुद्दा हा की वर पासष्ट वर्षांत काही फरक नाही. खाली मात्र तुम्ही आलात.

तुमचे वकील आता उभे राहून म्हणतील, की त्या काळीही लोक तासन्‌तास आधी विमानतळावर जात असत. जात असत. सांताक्रूझला एक माणूस लंडनला निघाला की त्याच्याबरोबर टेंपोभर माणसं असत. हार, पेढे, नारळ, रडणारी आजी, ‘पोचल्याचं पत्र टाक’ असं चार-चारदा बजावणारे वडील, आणि गॅलरीतून हात हलवताना आपण ज्याला हात करतोय ते विमान नक्की त्याचंच का, यावर दोन मेव्हण्यांमध्ये वाद. तो वेळ निरोपाला लागायचा, आणि तिथे सगळे आपणहून जायचे. आता दारातच सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र तपासतो. ज्याचं तिकीट तोच आत. बाकीच्यांनी गाडी थांबताच बॅग उतरवायची आणि मागच्याचा हॉर्न वाजायच्या आत निघायचं. निरोप दीड मिनिटात उरकतो आणि दोन तास उरतात.

आणखी एक थांबणं सांगतो, ते आपल्याच राज्यातलं आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांनी डाकोटा विमानं मध्यरात्री नागपूरला सोनेगावात उतरत. पोती या विमानातून त्या विमानात जात, प्रवासीही बदलत, आणि उजाडायच्या आत विमानं आपापल्या गावी परत. रात्री नागपुरात उतरून ताटकळायचं म्हणजे झोपेचं खोबरंच, पण आपण कशासाठी थांबलोय हे दिसायचं: कलकत्त्याचं विमान अजून यायचंय. तुमच्या थांबण्यात कोण यायचंय? मी टर्मिनलभर हिंडून बघितलं, कुणी नाही. सगळे आलेलेच होते.

याचा अर्थ मला जुने दिवस परत हवे आहेत असा काढू नका. जेट युगाच्या आठवणींनी गहिवरणारे काही गृहस्थ आमच्याकडेही आहेत. चांदीच्या काट्याचमच्यांपासून ते साडीतल्या हवाई सुंदरीपर्यंत सगळं त्यांना आठवतं, तिकीट सोडून. साठच्या दशकात परदेशी जायचं तर रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ मंजूर करून घ्यावा लागे आणि खिशात परकी चलन मिळे ते तीन पौंड. तिकिटाचा आकडा मास्तरांच्या किंवा कारकुनाच्या घरात बोलायचीही सोय नव्हती. त्या काळी माझ्यासारख्याचा हवाई प्रवास म्हणजे गच्चीवरून वर बघणं. विमानात माझ्या बापजाद्यांना जागा नव्हती, मला आहे. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथांनी एअर डेक्कन काढली, एक रुपयाची तिकिटं विकली, आणि चप्पल घातलेला माणूस विमानात चढला. त्याबद्दल तक्रार करणारा मी कोण? स्वस्त तिकिटाबरोबर तुम्ही पदरात पडलात, एवढंच म्हणणं आहे.

तुमचा मूळ वंश मात्र थोर आहे, आणि तिथे माझी थट्टा थांबते. ३० जानेवारी १९७१ ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं ‘गंगा’ नावाचं फोकर विमान लाहोरला पळवून नेलं आणि पुढे जाळलं. १९७६ मध्ये आणखी एक विमान पळवलं गेलं. त्यानंतर नागरी हवाई सुरक्षेसाठी १९७८ मध्ये वेगळा कक्ष निघाला. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर स्फोटात गेलं, ३२९ माणसं गेली. १९९९ च्या डिसेंबरात पळवलेलं आयसी-८१४ कंदाहारला उभं राहिलं आणि सगळा देश आठवडाभर टीव्हीसमोर बसला. पुढच्याच वर्षापासून विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे जायला लागली. २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटकं लपवली, तेव्हापासून जगभरचे बूट संशयित. २००६ मध्ये लंडनला पेयांच्या बाटल्यांमधून बॉम्ब न्यायचा कट पकडला गेला, तेव्हापासून परदेशी जाताना शंभर मिलिलिटरची मर्यादा आली आणि कितीतरी आयांची लोणची तपासणीच्या टेबलावर अनाथ झाली. या झडतीला जो वेळ लागतो तो मी खुशीने देतो. बेल्ट काढा म्हणाले तर काढतो, दोन्ही हात वर करून उभा राहतो.

पण झडतीला लागतात किती? पंधरा मिनिटं, गर्दीत अर्धा तास. उरलेल्या दीड तासाचा हिशेब मागतो आहे.

कारण मधल्या काळात तुमच्याकडची सगळी कामं दुसऱ्यांनी करून टाकली आहेत. पूर्वी काउंटरवरचा माणूस तिकिटाचं कार्बन लागलेलं पान फाडून घेई, जागेचा नंबर लिही, बॅगेला चिठ्ठी बांधी. आता चेक-इन मी घरी करतो, रात्री जेवताना. बोर्डिंग पास मोबाइलवर. बॅगेची पट्टी यंत्रातून मीच काढतो आणि ती बॅगेपेक्षा हाताला जास्त चिकटते. १ डिसेंबर २०२२ पासून दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला ‘डिजियात्रा’ सुरू झाली, नंतर मुंबईसह इतर ठिकाणी आली. त्यात तर कागदही दाखवायचा नाही, चेहरा दाखवला की दार उघडतं. प्रत्येक नव्या सोयीच्या जाहिरातीत ‘आपला मौल्यवान वेळ वाचवा’ असं लिहिलेलं असतं. मी वाचवला. कर्मचाऱ्यांचं कामही मीच केलं. एवढं होऊनही तुम्ही दोनाचे पावणेदोन झाला नाहीत. उलट सणासुदीला तुमच्याच नावाने मेसेज येतो: गर्दी अपेक्षित आहे, कृपया साडेतीन तास आधी या.

म्हणून मी जरा तुमच्या मालकांची चौकशी केली. स्वस्त विमान कंपनीचं सगळं गणित एकाच गोष्टीवर चालतं: विमान जमिनीवर कमीत कमी थांबलं पाहिजे. उतरलं, माणसं खाली, केर काढला, इंधन भरलं, माणसं वर, उडालं, हे सगळं अर्ध्या तासात. जमिनीवर उभं विमान पैसे खातं. जमिनीवर उभा प्रवासी मात्र फुकट असतो. पूर्वी वेळ सांभाळायची तर कंपनीला एखादं जास्तीचं विमान ठेवावं लागे, जास्तीचे वैमानिक, काउंटरवर जास्तीची माणसं. या जास्तीच्या गोष्टींना पैसे पडतात. त्या एकेक काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी आमचे दोन तास आणून बसवले. उशीर होण्याची जोखीम होती तेवढीच आहे, फक्त ती आता कंपनी सांभाळत नाही, मी सांभाळतो, खुर्चीवर बसून, बॅग पायात धरून.

व्यवहार किती एकतर्फी आहे ते पाहा. विमान दोन तासांहून जास्त उशिरा निघालं तर छोट्या उड्डाणाच्या प्रवाशांना खायला-प्यायला द्यावं, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. सहा तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान किंवा पैसे परत. आणि मी? बॅग देण्याचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, विमानाचं दार पंचवीस मिनिटं आधी. तुमचे मालक दोन तास चुकले तर मला सँडविच मिळतं. मी दोन मिनिटं चुकलो तर नवं तिकीट घेतो. शिवाय पंधरा मिनिटांपर्यंतचा त्यांचा उशीर हिशेबात उशीर धरलाच जात नाही, आणि वेळापत्रकात प्रवासाची वेळच मुळी जरा सैल मांडलेली असते. मुंबई-दिल्ली सव्वादोन तास लिहिलेलं असतं, त्यात हवेत जातात ते पावणेदोनच्या आत-बाहेर. मग वैमानिक प्रसन्न आवाजात सांगतो, आपण दहा मिनिटं आधी पोचलो आहोत. लोक टाळ्या वाजवत नाहीत हे नशीब.

तुमच्या उरलेल्या वेळेचे भागीदारही सापडले. झडतीच्या पलीकडे गेलं की गेटकडे जायचा रस्ता सरळ नसतो, तो अत्तरं, चॉकलेटं आणि घड्याळांमधून वळणं घेत जातो. मोठ्या खासगी विमानतळांवर दुकानं, जाहिराती, पार्किंग यांच्या उत्पन्नातला तीस टक्केच भाग शुल्क ठरवताना प्रवाशांच्या बाजूने धरला जातो, बाकीचा चालकाचा. म्हणजे माणूस जितका रेंगाळेल तितकं बरं. मार्च २०१८ मध्ये पी. चिदंबरम यांना चेन्नईच्या विमानतळावर चहा १३५ रुपये आणि कॉफी १८० रुपये सांगितली, तेव्हा त्यांनी चहा नाकारला आणि जाहीरपणे तसं लिहिलं. देशाचं अंदाजपत्रक मांडलेल्या माणसाला जो चहा परवडेना तो आम्ही निमूट पितो, कारण वेळ घालवायचा असतो. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने कोलकात्याच्या विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ उघडून दहा रुपयांचा चहा आणला. दहा रुपयांच्या चहाचं उद्घाटन करावं लागतं, यावरून तुमचं राज्य केवढं पसरलंय ते समजतं. मुंबईच्या टी-२ मध्ये ‘जय हे’ नावाचं सुंदर कलादालन आहे, भिंतीच्या भिंती जुन्या कोरीव लाकडांनी आणि मूर्तींनी भरलेल्या. ते मी मनापासून बघितलं. तेवढं एक तुमच्या बाजूने लिहून ठेवतो.

आता नाशिकची खास फिर्याद. हिच्यासाठीच खरं तर पेन उचललं.

१९६२ च्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिककरांनी त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मिग कारखाना आला. त्या दिवसापासून आमच्या गावाचा जेट युगाशी सोयरिक झाल्यासारखा संबंध आहे. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारी मिग-२१ विमानं इथे शेकड्यांनी तयार झाली. ओझर, जानोरी, पिंपळगावच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्या बायकांनी ध्वनीचा धडाका लंडनवाल्यांच्या आधी ऐकला असेल. नंतर सुखोई आले. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ चंदीगडमध्ये निवृत्त झालं आणि तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, इथे बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए ओझरच्या धावपट्टीवरून उडालं. एवढंच नाही, देशाचे पासपोर्ट छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस आमच्या नाशिकरोडला १९२५ पासून उभी आहे. म्हणजे विमान आमच्या पूर्वेला बनतं, पासपोर्ट आमच्या दक्षिणेला छापतात, आणि ते दोन्ही बनवणारा माणूस परदेशी जायचं झालं की रात्री दहाला बॅग घेऊन मुंबईच्या गाडीत बसतो.

मार्च २०१४ मध्ये ओझरला प्रवासी टर्मिनल झालं. देखणं आहे. विमानं यायला तयार नव्हती, म्हणून ते बराच काळ देखणंच राहिलं. तिथल्या मालवाहतुकीने मात्र दरम्यान मजल मारली आणि शेळ्या-मेंढ्या विमानात बसून थेट शारजाला गेल्या. नाशिकची मेंढी परदेशी थेट गेली, नाशिकचा माणूस कसाऱ्यामार्गे. मेंढीला तुम्ही ‘दोन तास आधी’ बोलावलं होतं का, हे कुतूहल मला आहे. ती काही वेब चेक-इन करून आली नसणार.

मग २३ डिसेंबर २०१७ ला उडान योजनेतून एअर डेक्कनच्या छोट्या विमानाची मुंबई-नाशिक सेवा सुरू झाली. रस्त्याचे चार तास हवेत चाळिसेक मिनिटांवर आले. गावात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. पण मुंबईत उतरायला सोयीचा स्लॉट मिळण्यापासूनच रड होती आणि सेवा टिकली नाही. जून २०१८ मध्ये जेट एअरवेजने दिल्ली जोडली. पुढच्या एप्रिलात ती कंपनीच जमिनीवर आली. त्यानंतर कुणी अहमदाबाद, कुणी हैदराबाद, कुणी बेळगाव. आलं, सत्कार झाला, पाण्याच्या कमानीखालून गेलं, बंद पडलं. मार्च २०२३ मध्ये इंडिगो आली आणि तेव्हापासून ओझरला थोडी वर्दळ टिकली आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

पण ओझरच्या विमानाचं गणित मांडायला बसलं की मजा येते. घर ते ओझर अर्धा तास. तिथे आधी दोन तास, म्हणजे तुम्ही. मग तासाभराचं उड्डाण. उतरल्यावर बॅगेची वाट. एका तासाच्या उडण्याला चार तास. ‘नंदादेवी’च्या इंजिनांनी, मिगच्या कारागिरांनी, समृद्धीच्या बोगद्यांनी मिळून जे काही कमावलं, ते तुम्ही एका बाकावर बसून संपवता. ओझरला रांग नाही, चालायला लांब नाही, टॅक्सीतून उतरल्यावर सात मिनिटांत माणूस गेटजवळ पोचतो. उरलेले एकशे तेरा कुठे ठेवायचे, ते तुमच्या बारीक अक्षरांत कुठेच लिहिलेलं नाही. दिल्लीला लागणारा नियम ओझरला जशास तसा लावायचा ही तुमची समदृष्टी ज्ञानेश्वरांनाही आवडली असती.

आणि तुमचं पितळ उघडं पडलं ते २०२५ च्या डिसेंबरात. वैमानिकांना आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास विश्रांती द्यायची, रात्रीची उतरणी कमी करायची, असे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले. ते येणार हे आधीपासून ठाऊक होतं. तरी देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीकडे, इंडिगोकडे, पुरेसे वैमानिक निघाले नाहीत. ५ डिसेंबरला एका दिवसात त्यांची हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. सरकारला भाड्यांवर कमाल मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, आणि तशीच वर अठरा हजारांपर्यंत. त्या आठवड्यात विमानतळांवर बॅगांचे डोंगर झाले. लग्नाला निघालेली माणसं जमिनीवर चादरी टाकून झोपली. ती सगळी माणसं तुमचा शब्द पाळून दोन तास आधी आलेली होती, श्रीयुत. एकही उशिरा आलेला नव्हता. उशीर झाला तो ज्यांनी आधी तयारी करायची त्यांना, आणि त्यांच्या तिकिटावर ‘दोन महिने आधी’ असं कुणी छापलं नव्हतं.

तेव्हा माझ्या मागण्या फार नाहीत. ओझर, जळगाव, कोल्हापूर अशा लहान विमानतळांवर तुम्ही पाऊण तास व्हा. जमत असेल तर ज्या दिवशी रांगा नाहीत त्या दिवशी तसा मेसेज पाठवा: आज सावकाश या. मेसेज पाठवायला तुम्हाला येतं; अर्ध्या रात्री ‘पैसे भरून जागा बदला’ असं सांगायला जमतं तर हेही जमेल. आणि विमान दोन तास उशिरा असेल तर सँडविच नको, तुम्ही स्वतःच रद्द व्हा. आम्हीही दोन तास उशिराच येऊ.

हे आता मार्गी लावा, कारण २०२७ चा सिंहस्थ दारात आहे. ओझरला दुसरी धावपट्टी मंजूर आहे, देशभरातून माणसं येणार. इथे स्नानाची वेळ ठरलेली असते आणि कुठला आखाडा कुणाच्या आधी, यावरून पेशवाईच्या काळात तलवारी निघून रक्त सांडलं होतं. त्यानंतर शैवांनी त्र्यंबकला आणि वैष्णवांनी नाशिकला, अशी वाटणी झाली. त्या मिरवणुकीत जाऊन त्रिशूळ धरलेल्या नागा साधूंना ‘कृपया दोन तास आधी उपस्थित राहावे आणि भस्म शंभर मिलिलिटरच्या आत असावं’ हे सांगायचं काम तुमच्याकडे असेल. मी त्र्यंबकला कुशावर्ताच्या पायऱ्यांवर असेन. दोन तास आधीच येऊन जागा धरून ठेवतो, हे बघायला मिळणार असेल तर.

कळावे,
गंगापूर रोडवरचा एक प्रवासी